जुना मतदार

“‘लोकांनी सगुणा घरत यांना निवडून दिले, की त्यांच्या सहीला?’” एवढं वाचून हिरामणने ‘खाडीकाठ’ साप्ताहिकाचा अंक टेबलावर आपटला. “ऐकलंस? सगल्या नेरूलमधी वाचतील हे.”

सगुणा कोलंबी सोलत होती. तिने मान वर केली नाही.

“पुढं वाचा.”

हिरामणने अंक उचलला आणि एकेक शब्द सावकाश वाचला. ‘राज्यात सरकार बदलले म्हणून माणसे नाचली. सरकार कोणाचेही असो, ते नियम पाळणारे हवे, फुकट वाटणारे नको. वर्तमानपत्रे फीत कापतानाचे फोटो छापतात. सभागृहात कोण गप्प बसले ते छापत नाहीत. आम्ही जुन्या विचारांचे. बाईने घर सांभाळावे असेच आम्हाला वाटते. पण खुर्चीवर बसलीच, तर तिने तोंड उघडावे. नाहीतर खुर्ची सोडावी.’

खाली नेहमीचं नाव होतं, ‘एक जुना मतदार’.

“कोन हाय हा मेला?” सगुणाने विचारलं.

“मना काय ठाव? संपादक नाव सांगत नाय.”

पालिकेची पहिलीच निवडणूक झाली होती. वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला, तेव्हा साहेबांनी हिरामणच्या बायकोला तिकीट दिलं. साहेब म्हणजे भागातले पुढारी. मॅट्रिक झालेला हिरामण त्यांची भाषणं लिहून द्यायचा. त्यांच्याच शब्दावर त्याचे दोन ट्रक द्रोणागिरीच्या गोदामांवर लागले होते. सगुणा सातवी शिकलेली. हिरामण बोट ठेवील तिथे सही करायची, सभागृहात मागच्या रांगेत पदर सावरून बसायची. कोणाचीच तक्रार नव्हती. मग ‘खाडीकाठ’मध्ये ‘सरळ रेघ’ हे सदर सुरू झालं.

हा लेख ऐकला त्या दिवशी सगुणा मोरीत जाऊन रडली. संध्याकाळी बाहेर आली आणि म्हणाली, “मीटिंगचे कागद आधी मना द्या. मना वाचायचेत.”

“तुला काय कलनार त्यातलं?”

“नाय कललं तर विचारीन.”

हिरामणने कागद दिले.

पुढच्या सभेत ती पाण्याबद्दल विचारायला उभी राहिली. आवाज कापत होता. अधिकारी काहीतरी पुटपुटला आणि ती खाली बसली. त्या आठवड्यात ‘सरळ रेघ’ने लिहिलं, ‘बाईंनी पाण्याचे विचारले. उत्तर मिळाले नाही, तरी बसल्या. एवढ्यात समाधान झाले?’

त्यानंतरच्या सभेत ती बसली नाही. उत्तर मिळेपर्यंत उभी राहिली. गावठाणातल्या बाया तिच्याकडे येऊ लागल्या. ‘जुना मतदार’ मात्र एकदाही बरं बोलला नाही. दर आठवड्याला टोचत राहिला. हिरामण तो लेख न चुकता मोठ्याने वाचायचा, लिहिणाऱ्याला शिव्या घालायचा. सगुणा दात आवळून ऐकायची.

मग शाळेसमोरच्या मैदानाचा विषय निघाला. तिथे दुकानांची इमारत बांधायचा ठराव येणार होता. साहेब स्वतः घरी आले.

“वहिनी हल्ली फार वाचतात म्हणे,” ते हसून म्हणाले. “हिरामण, त्यांना समजावून सांग.”

“सांगतो ना साहेब. माझ्या शब्दाबाहेर नाय ती.”

गाडी गेल्यावर हिरामण दारातच उभा राहिला.

“उद्या हात वर करायचा,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला. “मी त्यांना नाय बोलू शकत नाय. माझे ट्रक, माझी मान, सगलं त्यांच्या हातात हाय.”

“आनि पोरांनी खेलायचं कुठं?”

“ते मना नको विचारू.”

सकाळी ‘खाडीकाठ’ आला. ‘मैदान गेले की परत येत नाही. बाई आज हात वर करतील, घरून तसेच सांगून पाठवले असेल. आम्ही चुकलो, तर माफी मागू.’

सभागृहात ठराव वाचला गेला. हात वर होऊ लागले. सगुणा उभी राहिली. “माझा विरोध हाय. पोरांचा मैदान इकायला मना लोकांनी निवडून नाय दिलेला. मतं मोजा, आनि विरोधात पयला नाव माझा लिवा.”

मग पुढच्या रांगेतला एक हात हळूच खाली आला. त्याच्या मागे आणखी काही. ठराव पडला.

दुसऱ्याच दिवशी द्रोणागिरीहून ट्रक परत पाठवले गेले. सगुणा भांडणाच्या तयारीनेच बसली होती. हिरामण ओसरीवर आला, ट्रकच्या किल्ल्या खुंटीला अडकवल्या आणि म्हणाला, “जेवायला वाढ.” त्या विषयावर तो पुन्हा कधी बोलला नाही. काही दिवसांनी तळोज्याला एका कारखान्यात दुसऱ्याचा ट्रक चालवायला जाऊ लागला.

‘खाडीकाठ’चा पुढचा अंक आला. सगुणाने माफी शोधली. माफी नव्हती, ‘सरळ रेघ’ही नव्हती. त्याच्या पुढच्या अंकातही नाही. शेवटी ती ‘खाडीकाठ’च्या कचेरीत गेली.

झहूर मुकादम एकटाच प्रुफं तपासत होता. संपादक तोच, बातमीदारही तोच. त्याने उठून तिला खुर्ची दिली.

“‘सरल रेघ’ बंद का केली?”

“मी नाही केली, ताई. लिहिणाऱ्यांनी थांबवली. म्हणाले, काम झालं.”

“माफी मागनार व्हता तो.”

झहूरने प्रुफं बाजूला सारली.

“मना भेटायचाय त्याला,” सगुणा म्हणाली. “लई रडवला त्याने मना. आधी भांडीन, मंग पाया पडीन. तो नसता तर मी आजून मागच्याच रांगेत बसली असती.”

“नाव सांगणार नाही असा शब्द दिलाय मी.”

“मंग निरोप तरी द्या. माझ्या घरी एकदा चहाला या म्हनावं. आनि आमच्या यांना भिऊ नका म्हनावं. त्यांना मी सांभालीन.”

झहूरने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“निरोप कशाला, ताई,” तो म्हणाला. “हिरामणशेठना चहा तुम्हीच तर रोज देता.”