पेपरवरचं पहिलं नाव

"ताप आलाय का तुम्हाला?" बाईंनी नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

नवरा चक्क चहा करत होता. साखर कुठे असते म्हणून विचारत होता, म्हणजे खरोखरच करत होता.

"थट्टा नको. बस. महत्त्वाचं बोलायचंय."

बाई बसल्या. नवरा रेणू-जीवशास्त्रातला बडा संशोधक. बिघडलेल्या पेशीला एक प्रथिन कसं मारून टाकतं, यावर त्याचा एक पेपर होता. त्या एका पेपरवर त्याचं सगळं दुकान चाललं. जगात कुणीही त्या विषयावर चार ओळी खरडल्या तरी त्याचा उल्लेख करावाच लागे. सर इथे शिंकले तरी तिकडे कुणीतरी संदर्भ देतं, असं विद्यार्थी म्हणायचे.

प्रयोग सगळे बाईंचे. लग्नानंतर त्या त्याच्याच लॅबमध्ये कामाला लागल्या. पोटात मुलगी असताना थंड खोलीत उभं राहून त्यांनी प्रथिनं वेगळी करायचे जेल चालवले, त्यावर उमटलेल्या पट्ट्यांचे फोटो काढले. पेशींना रविवार कळत नाही, म्हणून रविवारीही जाऊन खायला घातलं. पेपर छापून आला, तेव्हा मात्र त्यांना स्वतःला शोधत शेवटच्या पानावर जावं लागलं. तिथे मुंगीएवढ्या अक्षरात होतं: पत्नीच्या सहनशीलतेबद्दल आभार.

"घरातलीच तर आहेस," नवरा तेव्हा म्हणाला होता. "माझं नाव म्हणजे तुझंच की."

धाकटी जाऊ अजून चिडवायची. "सहनशीलतेत तुमचा हात कोण धरणार, जाऊबाई! छापूनच आलंय."

बाई हसायच्या. मग भांडी जरा जोरात आपटायच्या.

"तुझं नाव लावायचं ठरवलंय," नवरा म्हणाला. "मासिकाला कळवलंय. आमची चूक झाली, दुरुस्ती छापा. पहिलं नाव तुझं."

पहिलं नाव राबणाऱ्याचं, शेवटचं साहेबाचं, अशी संशोधकांतली रीत. बाईंच्या हाताखाली शिकलेल्या पोरापोरींची पहिली नावं लागली होती. त्यांचे पेढे बाईंनी खाल्ले होते.

"आत्ताच कसं सुचलं?"

"निवृत्ती जवळ आली. मनाला लागून राहिलंय गं."

त्यानं लॅपटॉप पुढे सरकवला. "कुणी काय केलं ते सांगावं लागतं. हे बघ. प्रयोग तू, मोजमापं तू, चित्रं तू."

"फोटो जोडून चित्रं तुम्ही जुळवलीत. मी बाळंतपणाला गेले होते की."

"फोटो कुणी काढले?"

"फोटो मीच."

"मग झालं! अगं, इतकी वर्षं सगळं मी एकट्यानं खाल्लं. आता देतोय, तर त्यात वाटण्या कशाला?"

बाईंचे डोळे भरून आले. इतकं गोड हा माणूस लग्नातही बोलला नव्हता. त्यांनी पदरानं चष्मा पुसला आणि 'मान्य' वर बोट दाबलं. चहा नुसता पाक झाला होता. तोही त्यांनी घोट घोट संपवला.

दुरुस्ती छापून आली, तेव्हा मुलीचा फोन आला. "आई, आता सगळीकडे तुझं नाव आधी! बाबा शेवटी!"

जाऊ धावत आली आणि मिठी मारून रडली. "आता चिडवू कशावरून?"

"शोध काहीतरी," बाई म्हणाल्या. "तूही संशोधन कर."

लॅबमधली पोरं फुलं घेऊन आली. बाई दिवसातून कितीतरी वेळा पेपर उघडायच्या, नाव बघायच्या, बंद करायच्या.

मग एका सकाळी मासिकाच्या संपादिकेचा फोन आला. नवरा समोरच वर्तमानपत्र वाचत बसला होता.

"पहिल्या लेखिका तुम्हीच ना?"

"हो, मीच." बाई ताठ बसल्या.

"प्रयोग तुमचे?"

"माझेच."

"आणि चित्रं?"

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं होतं. एवढं मन मोठं केलंय त्यानं, आता मागे कशाला सरायचं?

"चित्रंही माझीच."

"तिसऱ्या चित्रात एकाच पट्टीचा फोटो उलटा करून दोनदा लावलाय. निकालच बनावट आहे," संपादक म्हणाल्या. "तक्रार आली तेव्हाच आम्ही सरांना कळवलं होतं. ते म्हणाले, थोडा वेळ द्या, ज्यांनी केलंय त्या स्वतःच पुढे येतील."