चार नंबरची टाकी

"माझ्या टाकीत एक रोगट मासा दाखवा, मिशी काढून हातात देतो," असं डॉक्टरने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. डॉक्टर म्हणजे मासे-संशोधन केंद्रात टाक्या धुणारा माणूस. कधीकाळी दोन मासे मिठाच्या पाण्यात बुडवून त्याने वाचवले, तेव्हापासून हे नाव पडलं.

केंद्रातल्या संशोधक मॅडम दोन दिवस बाहेरगावी गेल्या. जाताना चार नंबरच्या टाकीवर पाटी लावून गेल्या, 'हात लावू नये.' डॉक्टरला वाटलं, ती झाडूवाल्या मावशींसाठी असेल.

त्याने लगेच एका माशाचा कल्ला उचलून पाहिला. लालभडक कल्ल्यावर पांढरे दाणेच दाणे, पिकलेल्या पुटकुळ्यांसारखे. एक दाणा नखाने खरवडला, तर तो बुळबुळीत तार काढत नखातच जाऊन बसला. सात वेळा साबण लावला, तरी बोट नाकाशी नेलं की ओकारी यायची. पस्तीसच्या पस्तीस मासे तसेच. आता प्रश्न मिशीचा होता.

चौतीस मासे त्याने मिठाच्या पाण्यातून काढले. दाणे गळून खाली गाळ साचला. नाक दाबून तो त्याने गटारात ओतला, वर फिनेल टाकलं. पस्तिसावा, सगळ्यात बरबटलेला, त्याने घरी नेऊन बाथरूमच्या बादलीत ठेवला. मॅडमना रोगी आणि बरे शेजारी शेजारी दाखवायचे होते. घरी तो काही बोलला नाही. बायकोने त्याला बादलीसकट बाहेर काढलं असतं.

दुसऱ्या दिवशी मॅडम परतल्या तेव्हा डॉक्टर डबा खात होता. आठ दिवसांसाठी आलेल्या सासूबाईंचा तिसरा महिना चालू होता, पण त्यांच्या हाताला चव होती आणि माशाचं त्या काहीच वाया घालवत नसत. बोटं चाटत त्याने आपला पराक्रम सांगितला.

मॅडम स्टुलावर बसल्या. तो रोग नव्हता. ती शिंपलीची पिल्लं होती, त्या म्हणाल्या. नदीत त्या जातीच्या चारच शिंपल्या उरलेल्या, त्यातल्या एकीने यंदा पिल्लं दिली होती. ती माशाच्या कल्ल्याला चिकटून वाढतात, तीन आठवड्यांनी आपोआप सुटतात.

"म्हणजे ती घाण तुम्ही मुद्दाम लावली?"

"मुद्दाम. दोन वर्षं वाट पाहिली तिची."

डॉक्टरने हातातला घास डब्यात परत ठेवला. मग त्याला बादली आठवली.

"एक शिल्लक आहे मॅडम. घरी. सगळ्यात जास्त त्याच्यावरच होती."

मॅडम ताडकन उठल्या. एका माशावरची दोनशे पिल्लं निघाली तरी नदीला पुरणार होती. डॉक्टरने घरी फोन लावला आणि बादलीला कुणी हात लावू नका म्हणाला.

"अहो, बादली आईला अंघोळीला लागली," बायको म्हणाली. "मासा तुमच्याच डब्यात दिलाय. तुम्हाला आवडतं म्हणून डोक्यासकट."

डॉक्टरने डब्यात पाहिलं. कल्ले त्याने आधीच चोखून बाजूला ठेवले होते.