मामांचा हॉर्न

मुहूर्ताला पाऊण तास राहिला आणि नवरदेवाची गाडी घाटात तापली. रेडिएटरचा पंखा फिरतच नव्हता. सुयोग फेट्यासकट बॉनेटखाली वाकला.

"अरे नवरदेवा, भटजी थांबणारेत का तुझ्यासाठी?" मामा करवादले.

"फ्यूज शाबूत आहे, मामा. पंख्याला वीज जोडणारा रिलेच गेला असणार." हॉर्नचा रिले अगदी तसाच होता. त्याने तो उपटून पंख्याच्या जागी बसवला आणि पंखा गरगरायला लागला!

पण हॉर्न मुका झाला. पुढे शेळ्या, ट्रॅक्टर, दुसऱ्याची वरात. मामांनी खिडकीबाहेर मुंडी काढून "पींऽऽ पींऽऽ" सुरू केलं, ते थेट कार्यालयाच्या दारापर्यंत.

मुहूर्त गाठला. शेवटचं मंगलाष्टक म्हणायला मामांनी माईक धरला, तर घशातून फक्त "पींऽऽ" निघालं.

सगळ्यांनी त्यावरच अक्षता टाकल्या.