दुसऱ्या गाडीची जाळी

गाडीची पुढची जाळी काही केल्या बसत नव्हती. बंपरचं तोंड अरुंद, आणि ही काळी जाळी दुसऱ्याच मॉडेलची, दोन्ही बाजूंनी बोटभर मोठी. मिस्त्रीने ती पुन्हा खाली ठेवली, बंपरवर कागदी टेप चिकटवली आणि कुठे कापायचं त्याची रेघ आखू लागला.

किती वेळ लागेल, बाईने विचारलं. सकाळपासून ती हेच विचारत होती. मिस्त्रीने तिला समजावलं, की प्लास्टिक कापायला वेळ लागत नाही, पण एकदा कापलं की संपलं. मग कडा घासायच्या, गरम करून वळवायच्या, आतून पट्ट्या लावायच्या, वर रंग. गाडी उद्या संध्याकाळीच मिळेल.

उद्या म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. दाराशी चांगला बाक असताना ती आत टायरांच्या ढिगामागे बसली होती. शटर अर्धं खाली घ्या, हेही तिनेच सांगितलं होतं. धूळ येते म्हणे.

काढलेल्या जुन्या जाळीत खोट काढायला जागा नव्हती. चकचकीत, एक ओरखडा नाही. मिस्त्रीने सहज विचारलं, ही कशाला काढताय? हौस, ती म्हणाली. पण हौशी माणसं गाडीबद्दल बोलून डोकं खातात. या बाईने नव्या जाळीकडे धड पाहिलंही नव्हतं. जाताना तिने एवढंच विचारलं,

"समोरून पाहिल्यावर हीच गाडी आहे हे कळणार नाही ना?"

नाही कळणार, मिस्त्री म्हणाला. ती गेल्यावर मात्र तो जुनी जाळी उलटसुलट करून पाहत राहिला.

त्याच्या मेव्हण्याला मागे एका गाडीने उडवलं होतं. गाडी थांबली नाही, पुढे सापडलीही नाही. मेव्हणा वाचला, पण आता काठीशिवाय त्याला दारापर्यंतही जाता येत नाही. कुठल्यातरी गॅरेजवाल्याने पैसे घेऊन त्या गाडीचं तोंड बदलून दिलं असणार, असं मिस्त्रीची बायको नेहमी म्हणायची. ती असं म्हणाली की मिस्त्री जेवणाच्या ताटात बघत राहायचा.

दुपारी एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. त्याने फोनवर एका गाडीचा फोटो दाखवला. तीच चकचकीत जाळी. या गाडीने माझ्या भाच्याला धडक दिली, तो म्हणाला. पोरगा अजून शुद्धीवर नाही. बाई चालवत होती. तक्रार दिली आहे, पण पोलिसांच्या भरवशावर बसवत नाही, म्हणून गॅरेजं पालथी घालतोय.

गाडी मागेच ताडपत्रीखाली उभी होती. मिस्त्री घाबरला आणि पाहिली नाही म्हणाला. माणसाने वाद घातला नाही. आपला नंबर दिला आणि म्हणाला, "तुम्हालाही घरदार असेल. काही कळलं तर तेवढं सांगा."

तो गेल्यावर मिस्त्रीने शटर पूर्ण खाली ओढलं आणि बंपर उलटा करून पाहिला. धडक बसली की आतल्या क्लिपा आधी तुटतात. इथे सगळ्या शाबूत होत्या, कुठे तडाही नव्हता. पण धक्का हळू लागला असेल. माणूस म्हणजे काही भिंत नव्हे. उद्या पोलीस दारात आले, तर पुरावा आपल्याच हाताने कापलेला निघेल, या विचारातच त्याने कापायला घेतलं. पातं रेघ सोडून गेलं. ती कड त्याला पुन्हा भरून घ्यावी लागली.

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिने हातातली भाकरी परातीत ठेवली. मग म्हणाली, "माझ्या भावाच्या वेळी एकाने जरी तोंड उघडलं असतं ना..."

मिस्त्रीने त्या माणसाला फोन लावला. काही हातचं न राखता सगळं सांगून टाकलं, काळी जाळी, कापलेला बंपर, बाई कधी येणार तेही. माणसाने शांतपणे ऐकून घेतलं. पोलिसांना घेऊनच येतो, तिला संशय येऊ देऊ नका, म्हणाला. त्या रात्री मिस्त्रीला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी बाई ठरल्या वेळी आली. काळी जाळी अशी बसली होती, की गाडी कंपनीतूनच तशी आली असं वाटावं. बाई गाडीसमोर उभी राहिली, दोन पावलं मागे गेली आणि पहिल्यांदाच तिचे खांदे सैल झाले.

"माझी मलाच ओळखू येत नाहीये," ती म्हणाली आणि हसली.

त्या हसण्याने मिस्त्रीला कसंतरी झालं. तो हेडलाइटचे स्क्रू उगाच पुन्हा आवळत बसला. झालं की, म्हणत तिने किल्लीसाठी हात पुढे केला. किल्ली द्यावीच लागली.

तेवढ्यात बाहेरून कुणीतरी शटर वर उचललं. तोच माणूस होता. मिस्त्रीने त्याच्या मागे पाहिलं. पोलीस नव्हते. कुणीच नव्हतं.

बाई ओरडली नाही, पळालीही नाही. माणूस सावकाश आत आला. त्याने काळ्या जाळीवरून हात फिरवला आणि काम सुबक झालंय म्हणाला. मग तळहात तिच्यापुढे धरला. तिने मुकाट्याने किल्ली त्यावर ठेवली. त्याने तिच्यासाठी गाडीचं दार उघडलं, ती बसली.

"मिस्त्रींचे आभार मान," तो तिला हळू आवाजात म्हणाला. "त्यांनी फोन केला नसता, तर माझी बायको मला कधीच सापडली नसती."