किडनीची पारख

स्फॅक्स बंदरातले सी हम्मादी जैतुणाच्या तेलाचे व्यापारी. जिभेवर थेंब घेतल्याशिवाय पिंप उचलायचे नाहीत, आणि स्वतःच्या किडन्या निकामी झाल्यावर नवी किडनीही त्यांनी तशीच पारखायला घेतली होती. दोन वर्षांत इस्पितळातून दोनदा फोन आला. पहिला मृत दाता साठीचा निघाला, तर म्हणाले, "म्हाताऱ्याचा माल नको." दुसरा सिगारेट ओढणारा होता, तर म्हणाले, "धुरकटलेली घेऊन काय करू?"

शेवटी डायलिसिसची सुई टोचायला हाताला धड शीर उरेना, तेव्हा धाकटी बहीण मबरूका आपली किडनी द्यायला उभी राहिली. तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं.

"जुळतेय. मबरूकाबाईंना थोडं ब्लडप्रेशर आहे, पण देता येईल."

"अहो, पण त्रेसष्टची आहे ती," अडुसष्टचे हम्मादी म्हणाले. "किती वर्षं टिकणार? तिची मुलगी तिशीची आहे, तिची नाही का बघता येणार?"

"सी हम्मादी, तुम्ही सिगारेट सोडलीत का?"

"कमी केलीय." मग खराब हंगामातल्या तेलाकडे बघावं तसं त्यांनी बहिणीकडे बघितलं आणि सुस्कारा सोडला. "असू दे. घरचीच आहे, चालवून घेऊ."

मबरूकाने सहीसाठी हातात घेतलेलं पेन खाली ठेवलं.

 

"डॉक्टर, तुमच्या यादीत ह्याच्याहून बरा पेशंट आहे का कुणी?"