विहिरीजवळचा वाफा

राधाकिशनच्या दुसऱ्या लग्नाची फुलं त्याची पहिली बायको खुडत होती. सवतीच्या लग्नाला इतकं हक्काचं माणूस दुसरं कुठून मिळणार?

केशरबाईनं चकलांब्याच्या मळ्यातले शेवंतीचे सगळे वाफे रिकामे केले. विहिरीजवळचा तेवढा ठेवला. नेमकी तिथलीच फुलं सगळ्यांत टपोरी, पिवळीधमक.

सासू तुळजाबाई बांधावर बसून बघत होती. लेकाच्या लग्नाला तहसीलचे पेशकारसाहेब येणार होते, म्हणून तिला हार घसघशीत हवे होते.

"त्यो वाफा कावून ठिवला गं?"

"त्याला हात लावायचा न्हाई, आत्याबाई."

"कावून? लिंबागणेशाला नवस बोललीस का काय?"

 तीन वर्षांमागं, माघात, या वाफ्यातली शेवंती वाळून काडी झाली होती. घरच्यांनी ती बुडापासून छाटली आणि वाफ्याच्या कडेला केशरबाईची तान्ही लेक पुरली. पुढं पावसाळ्यात जुन्या मुळांतून हिरवे फुटवे वर आले, तेव्हा केशरबाईला आनंद झाला नाही. शेवंतीचा राग आला. दर साली वाळून जायचं आणि दर साली उठून यायचं! तिची कूस मात्र पुन्हा उजवली नाही. तरी उन्हाळाभर विहिरीचं पाणी शेंदून तिनं हीच मुळं जगवली. दुसरं जगवण्यासारखं तिच्याजवळ होतं तरी काय?

"सारजा हाय तिथं," ती म्हणाली.

"कोन सारजा?"

"तुमची नात."

तुळजाबाईनं जरा आठवून बघितलं.

"ती व्हय? तिचं तर बारसंबी झालं न्हवतं. तिला कुठलं आलंय नाव!"

असं म्हणून ती लुगडं खोचत वाफ्यात उतरली आणि दोन्ही हातांनी फुलं ओरबाडू लागली. घाई तर होतीच. एका हिसक्यासरशी अख्खं झाड हललं, बुडाशी माती उकलली.

केशरबाई धावली. सासूच्या हाताखालची टोपली तिनं आपल्याकडं ओढली, उकललेली माती तळव्यानं दाबून बसवली आणि फुलाच्या देठाला नख लावलं.

"सरका, आत्याबाई. मुळं उपटतील. मीच खुडते."