इंडिया गेटसमोरचा फोटो

इंडिया गेटसमोर शेवंताबाई चपलेतला खडा काढत होत्या, तेवढ्यात एक उंचापुरा सरदारजी त्यांच्या पाया पडला आणि हात धरून हिंदीत भराभरा बोलू लागला.

त्या गांगरल्या. मुलाला म्हणाल्या, "काय म्हणतोय रे हा?"

"तू त्यांच्या गेलेल्या आईसारखी दिसतेस म्हणे. तुझ्यासोबत फोटो हवाय."

मेलेल्या बाईच्या जागी उभं राहायचं? त्यांना ना नाही म्हणवे, ना हो. तरी उभ्या राहिल्या. फोटो निघाला, पण त्याने हात सोडलाच नाही. आता काय बोलावं? शेवटी बोटं तोंडापाशी नेत त्यांनी मराठीतच विचारलं, "जेवलास का?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"आई, चल, म्युझियम बंद होईल!"

"तू बघून ये."

आपण हे काय करतोय, त्यांनाही उमगेना. पण हिरवळीवर बसून पिशवीतलं शिदोरीचं फडकं सोडलं आणि पहिली दशमी त्याच्या हातावर ठेवली.